विळा आणि वाफ

आमच्या घरीं आजोबांच्या हातची एक जुनी वही आहे. लाल खारव्याच्या बांधणीची ही वही वस्तुतः जमाखर्चाची. परंतु तिच्या अखेरच्या चार पानांवर घरांतील जन्ममृत्यूंचीं टिपणें आहेत. शेतसारा, कापडचोपड, लग्नांतले आहेर ह्यांच्या नोंदी ज्या शांत व वळणदार अक्षरांत, त्याच अक्षरांत आजीच्या सात बाळंतपणांची हकीकतही लिहिलेली आहे. चार नोंदींत तिथि, वार, नक्षत्र आणि पुढें मुलाचें नांव आहे. उरलेल्या तीन नोंदींत नांव नाहीं. बारसें व्हावयाचें बाराव्या दिवशीं, आणि हीं तिन्ही बालकें त्यापूर्वींच गेलीं. दोघांपुढें ‘आठवे दिवशीं’ आणि एकापुढें ‘सातवे दिवशीं’ एवढेच शब्द आहेत.

आजी ही गोष्ट क्वचितच काढी, आणि काढली म्हणजे ती सांगण्याची तिची रीत ठरलेली असे. मूल जन्मलें तेव्हां धडधाकट होतें. कांहीं दिवस चांगलें प्यालें. मग एकाएकीं त्यानें पिणें सोडलें, तोंड मिटलें तें उघडेना, आणि हात लावला कीं अंग धनुष्यासारखें वांकूं लागलें. पांचवीच्या रात्रीं सटवाईची पूजा यथासांग झाली होती. पाटा मांडला होता, वरवंटा उभा केला होता, आणि ज्या विळ्यानें सुइणीनें नाळ कापली तो विळाही हळदकुंकू लावून पुजला होता. मग सटवाई कां कोपली? ह्याचें उत्तर आजी स्वतःपाशींच शोधी. पहिल्या वेळीं एक नवस फेडावयाचा राहिला होता. दुसऱ्या वेळीं ग्रहणांत तिच्या हातून भाजी चिरली गेली होती. तिसऱ्या वेळीं आपलें काय चुकलें हें मात्र तिला शेवटपर्यंत उमगलें नाहीं. घरांतल्या वडील बायकांनींही तिला दोष देण्यांत कसूर केली नव्हती.

पुढें कॉलेजांत शिकत असतांना आम्हीं एका डॉक्टर स्नेह्याला सहज हीं लक्षणें सांगितलीं. त्यानें एका शब्दांत निदान केलें: धनुर्वात. ह्या रोगाचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत असतात, आणि परिस्थिति प्रतिकूल झाली कीं ते जाड कवचाच्या बीजकणाचें रूप घेऊन वर्षानुवर्षें पडून राहतात. आमच्या घरच्या त्या विळ्यानें गवतही कापलें जात असे. नाळ कापण्यापूर्वीं तो धुतला जात नसे असें नाहीं. परंतु धुतला जाई तो परसांतल्या मातीनें घासून. आमच्या आजीइतकें कडक सोवळें पाळणारी बाई आम्हीं दुसरी पाहिली नाहीं. परंतु ज्या मातीनें वस्तु शुद्ध होते असा तिचा विश्वास, त्याच मातींत तिच्या मुलांचा मृत्यु होता. हें आम्हांस समजलें तेव्हां आजी जाऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. ‘तुझें कांहीं चुकलें नव्हतें’ हें वाक्य तिला सांगावयाचें राहिलें, आणि तें तेव्हांपासून आमच्याजवळच पडून होतें.

गेल्या श्रावणांत आमच्या कन्येचें बाळंतपण होतें. मूल पोटांत आडवें असल्यामुळें शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें व तिचा दिवसही नेमून मिळाला. आदल्या दिवशीं दुपारीं रुग्णालयाच्या बाकावर आम्ही जो चेहरा करून बसलों होतों तो पाहून तेथील एका सिस्टरला दया आली असावी. ही आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. शस्त्रक्रियेचीं हत्यारें निर्जंतुक करण्याचा विभाग तिच्या हाताखालीं आहे. ती म्हणाली, “काका, इथं बसून काळजी करण्यापेक्षा खाली चला. उद्या ताईसाठी जी हत्यारं वापरतील ती कशी तयार होतात ते काचेबाहेरून दाखवते.” पायांत कापडी पिशव्या व डोक्यावर टोपी घालून आम्ही तिच्यामागें निघालों.

सुई एकदांच वापरावयाची हें आतां शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु कात्र्या, चिमटे, जखम ताणून धरणारे आंकडे हीं उत्तम पोलादाचीं हत्यारें वर्षानुवर्षें एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात, ही गोष्ट तोंवर आमच्या ध्यानांतच आली नव्हती. काल तीं कोणाच्या रक्तांत बुडालीं होतीं हें उद्यां ज्याच्यावर तीं चालणार त्यास ठाऊक नसतें. मधल्या रात्रींत जें घडतें त्यावरच सारा भरंवसा.

पहिला मुक्काम धुण्याच्या खोलीपाशीं झाला. “मळलेलं हत्यार निर्जंतुक होत नाही,” हें सिस्टरचें पहिलें सूत्र. रक्त वाळलें म्हणजे त्याच्या पापुद्र्याखालीं जंतु सुरक्षित राहतात. वाफ त्यांच्यापर्यंत पोहोंचतच नाहीं. म्हणून हत्यारें प्रथम रक्त सुटें करणाऱ्या द्रावणांत भिजत घालतात, ब्रशानें घासतात, आणि मग एका पोलादी पात्रांत सोडतात. ह्या पात्रांतील पाणी कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं थरारत असतें. त्यांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात, आणि कात्रीच्या सांध्यांत व चिमट्याच्या दांत्यांत जेथें ब्रश शिरत नाहीं तेथला मळ सुटून येतो. त्यानंतर एक बाई भिंग लावलेल्या दिव्याखालीं एक एक हत्यार उघडून व मिटून पाहत होती. तांदूळ निवडतांना आजीच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असे तीच आम्हांस तिच्या चेहऱ्यावर दिसली.

पुढें जातांना आम्हीं विचारलें, “आणि हे सगळं उकळता कुठं?” सिस्टर हंसली. आमच्या मनांत गांवच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. 1960 नंतरच्या त्या वर्षांत तेथें पितळी स्टोव्हवर एक लांबट चकचकीत पेटी सदैव खदखदत असे. तींत काचेच्या पिचकाऱ्या व सुया बुडालेल्या असत, आणि कंपौंडर चिमट्यानें त्या उचलूं लागला कीं आमच्या पोटांत गोळा उठे. त्या खदखदीवर साऱ्या गांवाचा विश्वास होता. परंतु उकळण्याला आतां निर्जंतुक करणें म्हणतच नाहींत. पाण्याची उष्णता उकळून उकळून 100 अंशांपुढें जात नाहीं. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं तर तें 95-96 अंशांसच उकळूं लागतें. एवढ्या उष्णतेनें साधे जंतु मरतात. परंतु धनुर्वाताचे बीजकण उकळत्या पाण्यांतील दहा-वीस मिनिटें पचवूं शकतात. हें ऐकतांच वहींतील तीन नोंदी आमच्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या. सुइणीनें विळा उकळून घेतला असता तर मुलें जगण्याचा संभव वाढला असता. खात्री मात्र तेव्हांही देतां आली नसती.

दुसरें यंत्र कोरड्या उष्णतेचें. दिसावयास हें पाव भाजण्याच्या भट्टीच्या धाकट्या भावासारखें. आंत पाणी नाहीं, वाफ नाहीं, नुसती तापलेली हवा. 160 अंशांवर दोन तास किंवा 170 अंशांवर एक तास, असा ह्याचा हिशेब. काचेचीं भांडीं, तेलें, भुकट्या अशा ज्या वस्तूंस ओलावा चालत नाहीं किंवा ज्यांत वाफ शिरत नाहीं त्यांस हें यंत्र उपयोगी. परंतु कापड त्यांत करपतें आणि प्लॅस्टिक वितळतें.

येथें आम्हांस एक शंका आली. कोरड्या हवेला 160 अंशांवर दोन तास लागतात आणि वाफेला 121 अंशांवर पंधरा-वीस मिनिटें पुरतात, हें कसें? ह्याचें उत्तर वस्तुतः प्रत्येक गृहिणीस अनुभवानें ठाऊक आहे. तापलेल्या भट्टीच्या तोंडाशीं क्षणभर हात धरला तर तो शेकतो, इतकेंच. पण मोदकपात्राचें झांकण उचलतांना बोटांना वाफ लागली तर फोड येतो. थंड वस्तूला स्पर्श होतांच वाफेचें पाणी होतें, आणि तें होतांना दर ग्रॅमामागें सुमारें 540 कॅलरी उष्णता ती त्या वस्तूस एकदम देऊन टाकते. शिवाय अंडें उकडलें असतां त्यांतील पांढरा भाग जसा थिजतो, तशीं जंतूंच्या अंगांतलीं प्रथिनें ओल्या उष्णतेनें थिजतात. कोरड्या उष्णतेनें तीं इतक्या सहजासहजीं थिजत नाहींत.

ह्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राचें नांव ऑटोक्लेव्ह. त्याचें मूळ स्वयंपाकघरांत आहे. देनी पापँ ह्या फ्रेंच पंडितानें 1679 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें घट्ट झांकणाचें एक पात्र मांडलें. त्यांत कोंडलेल्या वाफेनें हाडेंसुद्धां मऊ होत. पुढें दोनशें वर्षांनीं, 1879 सालीं, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां ह्यानें त्याच तत्त्वावर जंतुनाशाचें यंत्र सिद्ध केलें. आपला कुकरही ह्याच कुळांतला. त्यांत कोंडलेल्या वाफेची उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते. परंतु ऑटोक्लेव्हची खरी काळजी हवेची असते. आंत हवा अडकून राहिली तर कांट्यावर दाब पुरेसा दिसतो, पण उष्णता कमी भरते. जुन्या प्रकारच्या यंत्रांत वाफ वरून शिरून जड हवेला खालच्या वाटेनें हुसकून लावते. नव्या प्रकारांत पंप प्रथम हवा ओढून घेतो आणि मग वाफ सोडतात, त्यामुळें ती कापडाच्या घडीघडींत व पोकळ नळीच्या टोंकापर्यंत पोहोंचते. अशा यंत्रांत उष्णता 134 अंशांपर्यंत नेली म्हणजे तीन-चार मिनिटांत काम होतें. आमच्यासमोरच्या यंत्राला दोन दारें होतीं, एक अलीकडच्या खोलींत आणि एक पलीकडच्या. दोन्ही एकाच वेळीं उघडत नाहींत. इकडून आंत गेलेलें हत्यार वाफेंतून पार होऊनच तिकडे निघतें.

ज्या वस्तूंना वाफ सोसत नाहीं त्यांची सोय निराळी. प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या आणि तशाच इतर नाजुक वस्तु इथिलीन ऑक्साईड नांवाच्या वायूंत कित्येक तास कोंडून ठेवतात. हा वायु विषारी, ज्वालाग्राही आणि कर्करोगास कारण होणारा. म्हणून त्या वस्तु पुढें आणखी कित्येक तास हवेच्या प्रवाहांत ठेवल्याशिवाय रुग्णाजवळ नेत नाहींत. दुसरा उपाय हायड्रोजन पेरॉक्साईडचा. निर्वात पेटींत त्याची वाफ करून विजेच्या शक्तीनें तिचें प्लाझ्मांत रूपांतर करतात. उष्णता 50 अंशांच्या जवळपास, वेळ सुमारें तासाभराचा, आणि शेवटीं उरतें पाणी व प्राणवायु. मात्र कापूस व कागद ह्या पेटीस चालत नाहींत, कारण ते औषधच शोषून घेतात. ग्लुटराल्डिहाईडच्या द्रावणांत बुडविण्याचीही एक रीत आहे. परंतु त्यांत वीस मिनिटांनीं बहुतेक जंतु मरतात, आणि बीजकण मरावयास दहा तास लागतात. सारांश, सर्वगुणसंपन्न असें यंत्र एकही नाहीं. कोणती वस्तु कोणास सोसेल हें ओळखून तिची वाट ठरवावी लागते.

“पण झालं हे कळतं कशावरून?” आम्हीं विचारलें. कारण दोन सारख्या कात्र्या शेजारीं ठेवल्या, एक वाफेंतून आलेली व दुसरी न आलेली, तर ब्रह्मदेवालाही डोळ्यांनीं भेद सांगतां येणार नाहीं. सिस्टरनें बांधलेल्या गठ्ठ्यावरची एक फीत दाखविली. तिच्यावरील फिकट रेघा वाफेच्या उष्णतेनें काळ्या होतात. परंतु ही फीत म्हणजे दारावरचा पहारेकरी. वाफ गठ्ठ्याच्या बाहेर लागली इतकेंच ती सांगते. म्हणून गठ्ठ्याच्या पोटांतही एक पट्टी ठेवतात. रोज सकाळीं पहिलें काम म्हणजे रिकाम्या यंत्रांत एक चाचणीचा गठ्ठा ठेवून सगळी हवा निघाली कीं नाहीं हें पाहणें. ही रीत बोवी व डिक ह्यांच्या नांवानें 1963 पासून ओळखली जाते. आणि सर्वांत खरा साक्षीदार जिवंत असतो. उष्णतेला सहसा दाद न देणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूचे बीजकण कुपींत घालून हत्यारांबरोबर वाफेंत पाठवितात, आणि नंतर ती कुपी उबेंत ठेवून त्यांतून कांहीं उगवतें कीं काय हें पाहतात. उगवलें, तर त्या फेरींतील एकही हत्यार वापरावयाचें नाहीं. दहा लक्ष वस्तूंमागें फार तर एखादीवर जिवंत जंतु राहण्याचा संभव उरावा, इतकी कडक ही कसोटी आहे.

हें बोलणें चाललें असतां काचेपलीकडे एक लहानशी गोष्ट घडली. एक तरुण मुलगा तयार गठ्ठे फडताळांत लावीत होता. त्याच्या हातून एक गठ्ठा निसटून खालीं पडला. खोलींत दुसरें कोणी नव्हतें, आणि आमच्याकडे त्याची पाठ होती. त्यानें गठ्ठा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. वेष्टन फाटलेलें दिसत नव्हतें. क्षणभर तो थांबला, आणि मग त्यानें तो फडताळांत न ठेवतां परत पाठवावयाच्या टोपलींत टाकला. म्हणजे पुन्हां उघडणें, पुन्हां धुणें, पुन्हां बांधणें, पुन्हां वाफ. आम्हीं सिस्टरला हें सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “पडलं की संपलं. हे मशीनला कळत नाही, माणसालाच कळावं लागतं.”

तिच्या ह्या बोलण्यानें आम्हांस मलकोवालची आठवण झाली. ती गोष्ट आपल्या मुंबईशीं निगडित आहे. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां डॉ. वॉल्डेमार हाफकिन ह्यांनीं तेथें प्लेगची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंतून ही लस दूरदूर जाऊं लागली. 1902 च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील, आतां पाकिस्तानांत असलेल्या, मलकोवाल ह्या गांवीं ती टोंचलेल्यांपैकीं 19 माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. तीं सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेलीं होतीं. चौकशी झाली; ठपका प्रयोगशाळेवर आला; हाफकिन ह्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु ती बाटली गांवांत उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा भुईवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करतांच वापरला गेला होता. ह्या गोष्टीचें महत्त्व पुढें लोकांस पटलें. रोनल्ड रॉस ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं 1907 सालीं हाफकिन ह्यांची बाजू उघडपणें मांडली, आणि त्यांच्यावरील कलंक दूर झाला. 1925 सालीं त्याच प्रयोगशाळेस हाफकिन ह्यांचें नांव देण्यांत आलें.

एक चिमटा मातींत पडला आणि एकोणीस माणसें गेलीं. एक विळा मातीनें घासला आणि तीन बालकें गेलीं. दोन्हीकडे दोष भलत्याच्या माथीं बसला. हाफकिन ह्यांना पांच वर्षांनीं न्याय मिळाला. त्यांच्यासाठीं भांडणारे विद्वान् होते. आमच्या आजीसाठीं कोणी भांडलें नाहीं, आणि तीही स्वतःच्या विरुद्धच साक्ष देत राहिली.

निर्जंतुक हत्यारांची ही सारी व्यवस्था पाहून कोणी म्हणेल कीं हें तर आपलें सोवळेंच झालें. बाह्यतः साम्य आहे खरें. शस्त्रक्रियेस उभे राहणारे डॉक्टर हात धुऊन, ते छातीशीं धरून, कशालाही न शिवतां आंत येतात. आमची आजीही विहिरीवरून स्वयंपाकघरापर्यंत अशीच येत असे, आणि वाटेंत आम्ही आडवे आलों तर तिचा पारा ऑटोक्लेव्हच्या पाऱ्याइतका चढे. परंतु भेद मोठा आहे. सोवळें पाळलें कीं शुद्धि झाली अशी सोवळ्याची श्रद्धा असते. येथें मात्र रोज सकाळीं यंत्र आपणच आपली परीक्षा देतें, आणि काल पास झालें म्हणून आज त्यास सूट मिळत नाहीं. शंका हेंच येथलें व्रत. आणि इतकें करूनही शेवटीं सारें त्या मुलाच्या हातीं येतें, जो कोणी पाहत नसतां पडलेला गठ्ठा फडताळांत ठेवीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची नात जन्मास आली. संध्याकाळीं सिस्टर भेटावयास आली तेव्हां तिनें आमच्या हातांत कागदाच्या फितीचा एक तुकडा ठेवला. नाळ कापण्याची कात्री ज्या गठ्ठ्यांत होती त्याच्यावरचा तो तुकडा. त्याच्या रेघा काळ्याभोर झाल्या होत्या.

पांचवीस आम्ही घरीं आलेलों होतों. आजीच्या चार जगलेल्या मुलांपैकीं आतां एकट्या आत्या उरल्या आहेत. वय नव्वदीच्या घरांत. त्यांनीं पाटा मांडावयास सांगितला आणि मग विळा मागितला. मुलें कुरकुरूं लागलीं. आम्हीं विळा आणून दिला. पूजेस आमची हरकत नव्हती. नाळ ज्या हत्यारानें कापावयाची तें वाफेंतून निघालेलें होतें, एवढें आम्हांस पुरे होतें. रात्रीं सारे निजल्यावर आम्हीं आत्यांना विळ्याची, मातीची आणि बीजकणांची गोष्ट सांगितली. 2015 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत बाळंतिणींच्या व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य केलें, हेंही सांगितलें. त्याचा अर्थ रोग नाहींसा झाला असा नव्हे, कारण माती आहे तेथेंच आहे. प्रत्येक जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहूनही कमी नवजात बालकांस तो व्हावा इतका मागें रेटला गेला. गर्भवतीस दिलेली लस, आणि स्वच्छ हातांनीं स्वच्छ पात्यानें कापलेली नाळ, ह्या दोहोंनीं हें केलें. आणि मग जें वाक्य आजीस सांगावयाचें राहिलें होतें तें आम्हीं आत्यांना सांगितलें, कीं तिचें कांहीं चुकलें नव्हतें.

आत्या पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं रे.”

त्यानंतर आम्हीं आजोबांची वही काढली. नातीची तिथि, वार व नक्षत्र लिहिलें, नांवापुरती जागा मोकळी सोडली, आणि शेजारीं ती काळ्या रेघांची फीत चिकटविली. सात दिवसांनीं बारसें झालें, आणि मोकळ्या जागेंत नांव लिहिलें.